थॅचरबाईंची घरविक्री: हिशेबाची दुसरी बाजू
ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, भाड्याची घरं स्वस्तात विकत घेण्याचा हक्क तिथल्या भाडेकरूंना दिला. त्यावर 'भाडेकरू घराचा मालक झाला, यात वाईट काय?' असं विचारलं जातं; त्या प्रश्नावर थोडी भर. भाडेकरूच्या बाजूने पाहिलं तर काहीच वाईट नाही. १९८०च्या कायद्याने ब्रिटनमध्ये तीन वर्षं कौन्सिलच्या घरात राहिलेल्याला बाजारभावाच्या ३३ टक्के सूट मिळाली, जुन्या भाडेकरूंना ५० टक्क्यांपर्यंत. फ्लॅटसाठी ती पुढे ७० टक्क्यांपर्यंत गेली. इतकं स्वस्त घर कोण सोडेल? मीही सोडलं नसतं.

गोची पुढे आहे. विकलेल्या घराच्या जागी नवं बांधायला कौन्सिलच्या हातात पैसा हवा ना? विक्रीतून आलेल्या रकमेचा मोठा हिस्सा कर्जफेडीसाठी बाजूला ठेवायचं बंधन १९८९च्या कायद्याने घातलं, आणि कौन्सिलचं बांधकाम जवळजवळ थांबलं. चांगली, अंगण असलेली घरं आधी गेली. उंच इमारतींतले नकोसे फ्लॅट उरले. लंडनमध्ये तर असे विकलेले कितीतरी फ्लॅट आज खासगी मालक भाड्याने देतात, आणि कधीकधी बेघर कुटुंबांसाठी तेच फ्लॅट कौन्सिल चढ्या भाड्याने परत घेते! याला काय म्हणावं?

फ्लॅट घेणाऱ्यांचंही सगळं सुखाचं नव्हतं. छप्पर, लिफ्ट यांच्या दुरुस्तीत वाटा मालकाचाही, त्यामुळे हजारो पौंडांची बिलं आली.

स्कॉटलंडने २०१६मध्ये आणि वेल्सने २०१९मध्ये योजना बंदच केली. इंग्लंडमध्ये ती चालू आहे, पण नोव्हेंबर २०२४पासून सूट बरीच कापली आहे. माझ्या मते विक्रीला हरकत नव्हती; एक विकलं की एक बांधायचं, ही अट पहिल्याच दिवशी हवी होती.