चर्चा: रात्री अडीचचा घाम, दमट हवेचा की हार्मोनचा?

माडाखालची
वय ४९, मुक्काम मालवण. पाळी तीन-तीन महिने येत नाही. रात्री अडीचला छातीत भट्टी पेटते, गाऊन पिळून काढावा इतका घाम, आणि पाच मिनिटांत थंडी वाजायला लागते. घरचे म्हणतात, मे महिना आहे, सगळ्यांनाच उकडतंय. मग त्याच पंख्याखाली यजमान गळ्यापर्यंत चादर ओढून घोरतात ते कसे? डॉक्टरांनी ‘वयाचं आहे’ म्हणत झोपेची गोळी लिहून दिली. माझं स्पष्ट मत: चाळिशीनंतर बाईची झोप उडाली की आधी हार्मोनचा विचार करा, गोळी नंतर.

खारा_वारा
हल्ली सगळंच हार्मोनवर ढकलतात. किनाऱ्यावर हवेत इतकी वाफ की घाम वाळतच नाही. त्यात लाईट जाते. अंथरुणात मोबाईल, त्या उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन दबतं. आमची आवस पहाटे तीनाक उठान माशांच्या लिलावाक जाय. तिका खय होते हार्मोन?

माडाखालची
होते. आयकूक कोण नव्हतो.

लॅबवाली_रत्नागिरी
खारा_वारा, दमटपणाचं खरं आहे, पण अर्धंच. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. पाळीच्या वयात बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे ते ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअस चढलेलं राहतं, म्हणून पाळीआधीच्या दिवसांत कित्येकींना उकडतं. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन खाली येतं आणि मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग, हायपोथॅलॅमस, फारच हळवा होतो. एरवी थोडं तापमान वाढलं तर तो दुर्लक्ष करतो, आता तेवढ्यावरच घाम सोडतो. यजमानांचं शरीर जी उकाड्याची रात्र निभावून नेतं, तीच हिला उठवते. शिवाय प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूला शांत करणारा एक पदार्थ बनतो, तोही कमी होतो.

पडवीतला
मी उलट्या बाजूने. झोप बिघडली की हार्मोन बिघडतात, हे कुणी का बोलत नाही? पुरुषांत टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं, सकाळी सर्वाधिक असतं. शिकागोत २०११ साली दहा तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाची पातळी १० ते १५ टक्के उतरली. (माझी रात्रपाळी आहे, म्हणून हे पाठ.)

लॅबवाली_रत्नागिरी
मान्य, पण तुमचे ते दहाही जण तरुण पुरुष! त्यावरून माडाखालचीचा घाम कसा ठरवणार? तिचे बीजकोश थकतायत, ते काही आठ तास झोपून परत तरुण होणार नाहीत.

खारा_वारा
बरं, पैज. जूनात पाऊस लागला की घाम थांबला, तर मी जिंकलो.

लॅबवाली_रत्नागिरी
कसली पैज? गारव्यात हे झटके कमीच होतात, मूळ कारण हार्मोन असलं तरी. दोन्हीकडून तुम्हीच जिंकणार!

माडाखालची
पैज नको. कालपासून कॅलेंडरवर लिहायला लागलेय: किती वाजता, किती घाम, लाईट होती का. काल २.४०, लाईट होती, पंखा पाचवर. हे पान घेऊन सोमवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते. गोळीचं पाकीट अजून फोडलेलं नाही.