गेम डिझाइन स्कूलची तयारी: पहिले तीन महिने इंजिन उघडूच नये का?

सोंगटी

गेम डिझाइनच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा म्हटलं की सगळीकडून एकच सल्ला मिळतो: युनिटी नाहीतर अनरियल हे इंजिन, म्हणजे खेळ बांधायचं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या, ट्युटोरियल्स लावा, कामाला लागा. माझं म्हणणं उलट आहे. पहिले तीन महिने इंजिन उघडू नका. पत्ते, फासे, सोंगट्या आणि चौकटीचा कागद घेऊन तीन छोटे खेळ पुरे करा.

ट्युटोरियल संपल्यावर जो खेळ हातात राहतो, त्यातले सगळे निर्णय दुसऱ्याचे असतात. शत्रू तीन फटक्यांतच का मरतो, पाच का नाही? उत्तर नसतं. निवड समिती मात्र मुलाखतीत नेमकं हेच विचारते.

कागदावर काय शिकता येतं त्याचं उदाहरण देतो. दोघांचा पत्त्यांचा खेळ, २४ पत्ते, प्रत्येकाला १० जीव, दर डावाला २ नाणी. हल्ल्याचा पत्ता २ नाण्यांचा, ३ जीव घेतो. उपचाराचा पत्ताही २ नाण्यांचा, ३ जीव परत देतो. वाचताना हे समतोल वाटतं. खेळायला बसलं की खेळ संपतच नाही, कारण प्रत्येक फटका पुढच्याच डावात पुसला जातो. उपचार २ जीवांवर आणला की दर फेरीला १ जीव खरोखर कमी होतो आणि शेवट दिसायला लागतो. एक आकडा बदलल्यावर सगळा खेळ कसा बदलतो, हे दहा मिनिटांत कळतं आणि एक ओळही कोड लागत नाही.

चाचणी घेताना ज्यांनी खेळ पाहिलेला नाही अशांपुढे नियमांचं पान ठेवायचं आणि आपण तोंड बंद ठेवायचं. समजावून सांगितलंत की चाचणी वाया गेली, कारण खेळाडूच्या घरी तुम्ही जाणार नाही. ते कुठे अडले, कुठला नियम दोनदा वाचला, कुठे फोनकडे हात गेला, तेवढं टिपायचं. एका वेळी एकच नियम बदलायचा आणि पानावर आवृत्तीचा क्रमांक टाकायचा. हीच पानं पुढे पोर्टफोलिओत, म्हणजे अर्जासोबतच्या कामांच्या संग्रहात जातात.

साठ_फ्रेम्स

असहमत. पत्त्यांचा खेळ कागदावर तपासता येतो, कारण तो मुळात कागदावरचाच आहे. ज्याला व्हिडिओ गेम करायचाय त्याचा अर्धा प्रश्न हाताला कसं वाटतं हा असतो आणि तो कागदावर उमटत नाही.

साधी उडी घ्या. उंची ३ चौकटी, वर पोचायला ०.४ सेकंद. गुरुत्व म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग: ३७.५. सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ: सेकंदाला १५ चौकटी. हे आकडे बरोबर आहेत, पण चालवून पाहिलं तर पात्र फुग्यासारखं तरंगतं. म्हणून उतरताना गुरुत्व १.६ पट करायचं, म्हणजे ६०. आता उतरायला साधारण ०.३२ सेकंद लागतात आणि पाय जमिनीला लागल्यासारखे वाटतात. १.६ की १.८ हे वही सांगणार नाही, अंगठाच सांगतो.

त्यावर कडेची सवलत. पात्र कड्यावरून पुढे गेल्यानंतरही क्षणभर उडी मान्य करायची. 'सेलेस्ट' या उड्यांच्या खेळाच्या कर्त्यांनी खेळाडूच्या हालचालीचा कोड सगळ्यांसाठी खुला केला आहे, त्यात ही सवलत ०.१ सेकंद आहे, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम्सच्या (पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांच्या) हिशोबाने ६ फ्रेम्स. ती काढून टाका आणि कुणालाही खेळायला द्या. 'बटण चालत नाही' असंच म्हणतील. 'मी उशिरा दाबलं' असं कुणी म्हणत नाही. ही समज तीन महिने सोंगट्या हलवून कशी येणार?

सोंगटी

@साठ_फ्रेम्स, उडीचा मुद्दा मान्य, त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. तुम्ही जे आकडे दिलेत त्यांच्यावर उभी असलेली लेव्हल परत कागदावरच आखली जाते. पळण्याचा वेग सेकंदाला ६ चौकटी धरा. हवेतला वेळ ०.४ अधिक ०.३२, म्हणजे ०.७२ सेकंद. उडीची लांबी साधारण ४.३ चौकटी. म्हणजे ३ चौकटींचा खड्डा सोपा, ४ चा अवघड, ५ चा अशक्य. चौकटीच्या कागदावर अख्खी लेव्हल एका संध्याकाळी आखून होते. नवखी मुलं हे न करता थेट इंजिनमध्ये विटा रचत बसतात. पंधरा लेव्हल्स झाल्यावर कुणीतरी म्हणतं पात्र हळू आहे, म्हणून वेग ७ करतात. लांबी ५ च्या वर जाते, जिथे भिंत म्हणून सोडलेला खड्डा होता तिथून लोक उडी मारून किल्लीशिवाय पुढे निघून जातात. पंधराच्या पंधरा लेव्हल्स नव्याने तपासाव्या लागतात.

साठ_फ्रेम्स

बरोबर, पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. आधी इंजिनमध्ये उडी पक्की करायची, आकडे गोठवायचे, मग कागद. तुम्ही क्रम उलटा सांगताय.

शिवाय इंजिनच्या स्वतःच्या खोडी असतात आणि त्या उशिरा भेटल्या तर अर्जाच्या आठवड्यात भेटतात. युनिटीतली नेहमीची एक सांगतो. भौतिकीचा (पडणं, आदळणं यांचा) कोड फिक्स्ड अपडेटमध्ये, म्हणजे ठरलेल्या अंतराने चालणाऱ्या भागात, लिहायचा असं शिकवतात, म्हणून मुलं 'बटण आत्ता दाबलं का' हेही तिथेच तपासतात. फिक्स्ड अपडेट मुळात सेकंदाला ५० वेळा चालतं आणि बटण दाबल्याची खूण फक्त एका फ्रेमपुरती टिकते. पडदा ६० फ्रेम्सचा असेल तर सहातली एक उडी गळते, कुणाच्या लक्षात येत नाही. परीक्षकाचा पडदा १४४ चा असेल तर जवळजवळ दोन तृतीयांश उड्या गळतात. तुमच्या संगणकावर खेळ चालतो, त्यांच्याकडे मोडका दिसतो. उपाय दोन ओळींचा आहे: बटण दर फ्रेमला चालणाऱ्या साध्या अपडेटमध्ये टिपून ठेवायचं आणि फिक्स्ड अपडेटमध्ये वापरून पुसायचं. पण हे आधी कुठेतरी भोवलेलं असावं लागतं.

चित्रांच्या मोहाची भीती असेल तर पिको-८ हे छोट्या खेळांचं साधन घ्या. १२८ बाय १२८ चा पडदा, १६ रंग. 'सेलेस्ट'चं पहिलं रूप त्यावरच चार दिवसांत झालं होतं. गोडो हे इंजिन हवं असेल तर तेही मोफत आणि मुक्त परवान्याचं आहे.

ताळेबंद

दोघेही एक हत्यार विसरताय: स्प्रेडशीट. स्टुडिओत डिझायनरचा बराचसा दिवस तिथे जातो आणि विद्यार्थ्यांच्या पोर्टफोलिओत ती जवळजवळ कधीच दिसत नाही.

समजा पातळी वाढवायची किंमत १०० पासून सुरू होते आणि दर पातळीला १५ टक्के वाढते. कमाई मिनिटाला ५० अधिक पातळीगणिक १०. विसाव्या पातळीची किंमत साधारण १,४२३, कमाई २५०, म्हणजे पावणेसहा मिनिटं. ठीक. चाळिसाव्या पातळीची किंमत २३,३०० च्या आसपास, कमाई ४५०, म्हणजे जवळपास ५२ मिनिटं. एका पातळीसाठी! किंमत चक्रवाढीने चढते आणि कमाई सरळ रेषेत, मग भिंत उभी राहणारच. ही भिंत कागदावर दिसत नाही, कारण चाळीस पातळ्या कोणी हाताने खेळत नाही. इंजिनमध्येही दिसत नाही, कारण चाचणी घेणारा तिथपर्यंत पोचत नाही. चाळीस ओळींच्या तक्त्यात मात्र पाच मिनिटांत दिसते.

असा एक तक्ता, त्याचा आलेख आणि खाली चार ओळी, 'हे बदललं आणि का', एवढं एखाद्या अर्जात दिसलं तर तो अर्ज वेगळा उठून दिसेल.

वाटसरू_७

मुळात स्कूल हवंच कशाला, हा प्रश्न कोणी विचारत नाहीये. संगणकशास्त्राची पदवी घ्या आणि सोबत खेळ करा. २०२३ आणि २०२४ मध्ये या उद्योगात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातले १,९००, सोनीने पुढच्याच महिन्यात सुमारे ९०० लोक कमी केले. अशा वेळी ज्याच्याकडे फक्त 'गेम डिझाइन' लिहिलेली पदवी आहे तो कुठे जाणार? 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) करणारा एरिक बरोन संगणकशास्त्राचा पदवीधर, 'अंडरटेल' (२०१५) गेममेकर या साधनात झालेला. दोन्ही खेळ डिझाइनच्या पदवीशिवाय उभे राहिले.

सोंगटी

@वाटसरू_७, एकट्याने खेळ करणाऱ्यांची नावं लक्षात राहतात कारण ती थोडी आहेत. स्कूलमध्ये जी गोष्ट मिळते ती म्हणजे सहा-आठ जणांचा संघ, ठरलेली तारीख आणि खेळ संपवण्याची सक्ती. डिजिपेन या गेम शिकवणाऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी 'नार्बाक्युलर ड्रॉप' हा खेळ केला, तो पाहून व्हॉल्व्ह या गेम कंपनीने त्या संघालाच घेतलं आणि २००७ मध्ये 'पोर्टल' आला. पुढे तिथल्याच विद्यार्थ्यांच्या 'टॅग' या खेळातली रंगाची कल्पना 'पोर्टल २' मध्ये (२०११) गेली. यातला एकही संघ घरी एकट्याने बसून झाला नसता.

वाटसरू_७

आणि त्या संस्थेचा मुख्य अभ्यासक्रम सी प्लस प्लस आणि गणितावर उभा आहे. म्हणजे परत संगणकशास्त्रच. संघ हवा असेल तर जॅम, म्हणजे थोड्या वेळात खेळ करायचे उपक्रम, आहेत: ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दरवर्षी होतो, लुडम डेअर २००२ पासून. थोड्या दिवसांत खेळ संपवायची सक्ती तिथेही आहे आणि स्कूलची फी लागत नाही.

साठ_फ्रेम्स

जॅमबद्दल सहमत, पण थोड्या दिवसांच्या संघात भांडण मिटवावं लागत नाही, तारीख उलटूनच जाते. चार महिन्यांच्या प्रकल्पात तिसऱ्या आठवड्यात चित्रकार गळतो, तेव्हा ४० शत्रूंचे ८ करावे लागतात आणि उरलेल्यांना ते पटवावं लागतं. ही कात्री चालवायला शिकणं म्हणजेच खरं शिक्षण. इथे मी सोंगटी यांच्या बाजूने.

दर्शनी_पान

स्कूल घ्या किंवा घेऊ नका, पोर्टफोलिओ सगळ्यांनाच लागतो आणि चांगला खेळ करूनही मुलं नाकारली जातात ती इथे. म्हणून थोडं सविस्तर.

तीन कामं पुरेत. चौथं कच्चं असेल तर ते बाकीच्या तिघांना खाली ओढतं. प्रत्येक कामाला ६० ते ९० सेकंदांचा व्हिडिओ ठेवा आणि पहिल्या सेकंदापासून खेळ दिसू द्या. स्वतःचं बोधचिन्ह आणि संगीत चढत जाणारी सुरुवात कुणी बघत नाही, पुढे सरकवतात. व्हिडिओखाली: संघात किती जण, तुमचं नेमकं काम काय, साधन कोणतं, किती आठवडे लागले. संघाच्या कामात 'आम्ही केलं' एवढंच लिहिलंत तर वाचणारा तुमचा वाटा शून्य धरतो.

खेळ ब्राउझरमध्ये उघडला पाहिजे. झिप उतरवून अनोळखी प्रोग्रॅम चालवायला कुणी धजावत नाही. इच डॉट आयओ या खेळ ठेवायच्या संकेतस्थळावर चढवताना इंडेक्स फाइल (index.html, जिथून खेळ सुरू होतो) झिपच्या पहिल्याच पातळीवर ठेवा, आतल्या फोल्डरमध्ये नको. तिचं नाव सगळं लहान लिपीत. युनिटीचा वेब बिल्ड, म्हणजे ब्राउझरसाठीची आवृत्ती, 'लोडिंग'वर अडकला तर बहुतेक वेळा फाइल्सच्या कॉम्प्रेशनचा गोंधळ असतो, पब्लिशिंग सेटिंग्जमध्ये डीकॉम्प्रेशन फॉलबॅक चालू करा. मग दुसऱ्याच्या संगणकावर, लॉगिन न करता, उघडून बघा. आवाज पहिल्या क्लिकशिवाय सुरू होत नाही, ब्राउझर तो अडवतो, म्हणून सुरुवातीला 'खेळा' असं बटण ठेवा.

सोंगटी म्हणतात ती कागदी पानं जरूर लावा, पण सगळी नकोत. पहिली आवृत्ती, शेवटची आवृत्ती आणि मधला जो बदल चाचणीमुळे झाला तो एक. ४० पानी डिझाइन दस्तऐवज कुणी वाचत नाही. एका पानात मावत नसेल तर तुम्हालाच अजून खेळ नीट कळलेला नाही.

ताळेबंद

@दर्शनी_पान, शेवटच्या वाक्याला विरोध. पत्त्यांचा खेळ एका पानात मावेल, अर्थव्यवस्था असलेला खेळ मावणार नाही आणि मावायलाही नको. संघातला प्रोग्रॅमर अपवाद विचारतो: पिशवी भरलेली असताना बक्षीस मिळालं तर? मध्येच नेट गेलं तर? ही उत्तरं कुठेतरी लिहिलेली लागतात. पोर्टफोलिओला एक पान, संघाला पूर्ण दस्तऐवज, दोन्ही वेगळे ठेवा.

दर्शनी_पान

मान्य. मी पोर्टफोलिओपुरतंच बोलत होतो.

सोंगटी

तीन महिन्यांच्या आकड्यावर मी अडून बसत नाही, सहा आठवडेही चालतील. पण पहिला खेळ कागदावरच पुरा व्हावा, यावर ठाम आहे. आणि स्कूल निवडणाऱ्यांनी प्रवेशाआधी तीन प्रश्न लेखी विचारावेत. पदवीभरात पुरे होणारे सांघिक खेळ किती? त्यांत प्रोग्रॅमिंग, चित्रकला आणि ध्वनी या शाखांचे विद्यार्थी एकत्र बसतात का? विद्यार्थ्याने केलेल्या खेळाचे हक्क कोणाकडे राहतात? काही संस्था ते स्वतःकडे ठेवतात, मग पदवीनंतर तो खेळ विकता येत नाही, कधी त्यातला कोडही वापरता येत नाही.

साठ_फ्रेम्स

चौथा प्रश्न माझ्याकडून: पहिल्या वर्षात कोणतं इंजिन, आणि पहिल्या सत्रात ते किती तास? उत्तर 'शून्य' आलं तर मी तिथे अर्ज करणार नाही. तुम्ही बहुधा कराल.

सोंगटी

करेन, त्या सत्रात दर आठवड्याला अनोळखी लोकांसमोर चाचणी होत असेल तर.