वरचा थर होतो आणि पुढे गाडी अडते! घरात लहान पोरं असताना गोधडी पूर्ण कशी करता?

अर्धवटआई:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझ्या कपाटात सध्या तीन गोधड्यांचे वरचे थर जोडून, इस्त्री करून, घड्या घालून पडलेत. सगळ्यात जुना चौदा महिन्यांपूर्वीचा आहे. तुकडे जोडायचं काम मला मनापासून आवडतं आणि ते जमतंही, कारण रात्री पोरं झोपली की दोन-चार चौकोन जोडायचे, मशीनवर झाकण टाकायचं, संपलं. पण त्याच्या पुढचं जे आहे ना, खालचं कापड पसरा, त्यावर बॅटिंग (म्हणजे मधला मऊ भरणीचा थर), त्यावर वरचा थर, मग पिना, मग तिन्ही थरांतून शिवण, मग कडेची पट्टी, ते काही केल्या होत नाही. त्याला सलग तीन-चार तास आणि मोकळी जमीन लागते आणि आमच्या घरात या दोन गोष्टी एकाच दिवशी कधी मिळालेल्या नाहीत.

मागच्या महिन्यात जोर करून बसले. हॉल रिकामा केला, खालचं कापड चिकटपट्टीने फरशीला ताणून चिकटवलं, निम्म्या पिना लावून झाल्या आणि अडीच वर्षांचे साहेब दुपारच्या झोपेतून उठून थेट मधोमध येऊन आडवे झाले. मग सात वर्षांच्या ताईला पण पिना लावायच्या होत्या. त्या गडबडीत एक पिन गायब. संध्याकाळी सतरंजीखाली सापडली पण तोपर्यंत माझा जीव टांगणीला. सगळं काढून ठेवलं, ते आजतागायत तसंच आहे.

दोन वर्षांपूर्वी एक गोधडी पूर्ण केली होती ती पुढून छान आणि मागून नुसत्या चुण्या. कापड तर एवढं ताणून लावलं होतं, तरी का झालं कळलं नाही.

आत्ता जी घ्यायचीय ती 50 बाय 60 इंच आहे, सगळं सुती, बॅटिंग पण सुती. मशीन साधं घरगुती, त्याचा गळा, म्हणजे सुईच्या उजवीकडची मोकळी जागा, लहान आहे. तुम्ही लोक हे कसं उरकता ते सांगा, आणि "मुलं मोठी झाली की कर" हे कृपया नको, ते घरचे सांगतातच.

टाचणीपेटी:

अगं चुण्या पडल्या त्या ताणल्यामुळेच! खालचं कापड सपाट हवं, सुरकुती नको, पण ताणलेलं नको. रबरासारखं ओढून चिकटवलंस की चिकटपट्टी काढल्यावर ते परत आपल्या मापाला येतं, वरचा थर आणि बॅटिंग मात्र तेवढेच राहतात, मग ते जास्तीचं कुठे जाणार, चुण्यांत. चिकटवल्यावर हाताने थोपटून बघ, ढोलकीसारखं वाजायला लागलं तर सैल कर.

आणि जमीन सोड. मी गेली कित्येक वर्षं फरशीवर गोधडी पसरलेली नाही, गुडघे पण नाही म्हणतात. जेवायच्या टेबलावर करते, दोन फळ्या घेऊन. फळ्या गोधडीच्या रुंदीपेक्षा थोड्या लांब हव्यात, चार बोटं रुंद, गुळगुळीत. एका फळीला खालचं कापड गुंडाळायचं, उलगडलं की उलटी बाजू वर येईल असं. दुसरीला वरचा थर, सुलटी बाजू वर येईल असा. मग टेबलावर दोन-अडीच फूट उलगडायचं, मध्ये बॅटिंग सरकवायची, हाताने मधून कडेकडे सारखं करायचं आणि जाड दोऱ्याने नागमोडी कच्चे टाके घालायचे, लांबच्या लांब, दोन-तीन बोटांचा एक टाका. तेवढा भाग झाला की पुढे ढकलायचं, फळ्यांवरून पुढचं उलगडायचं.

यातली खरी गंमत काय तर कुठेही थांबता येतं. पोरगं रडलं, दोरा तोडायचा, सगळं फळ्यांसकट गुंडाळायचं आणि कपाटावर टाकायचं. मी एक गोधडी अशी आठ दिवस कच्ची घालत होते, रोज अर्धा तास. पिना नाहीत, त्यामुळे हरवायचा प्रश्नच नाही, सुई एकच असते आणि ती आपल्या हातात असते. शिवून झालं की कच्चा दोरा ओढून काढायला मात्र वेळ लागतो, ते काम मी मोठ्या मुलीला देते, तिला आवडतं.

खालचं कापड आणि बॅटिंग चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त ठेव बरं का, शिवताना सरकतंच.

रात्रपाळी_बाबा:

पिनाच वापरायच्या असतील तर मोजून. मी डबीवर आकडा लिहितो, डबीत शंभर, लावल्या ब्याऐंशी, डबीत उरायला हव्यात अठरा. काढताना पण तेच, शंभर भरल्याशिवाय उठायचं नाही. सेफ्टी पिनाच, त्यातल्या वाकड्या मिळतात त्या, टाचण्या अजिबात नाही. आणि मुठीएवढं अंतर ठेवायचं दोन पिनांत.

मशीनबद्दल सांगतो. गळा लहान असला तरी 50 बाय 60 होते, मी याहून मोठी केलीय. वॉकिंग फूट घ्या (फूट म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग, हा त्यातला खास प्रकार), नसेल तर आधी तेच. साध्या फूटने काय होतं, खालचे दात खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचा थर मागे राहतो, वॉकिंग फूटला स्वतःचे दात असतात म्हणून तिन्ही थर बरोबरीने सरकतात. टाका 3 ते 3.5 मिलिमीटर करा, नेहमीचा 2.5 जाडीत फार बारीक दिसतो. पहिली रेघ मधोमध, मग तिच्या उजवीकडे कडेपर्यंत, मग गोधडी फिरवून दुसरी बाजू. कडेकडून आत येऊ नका, मध्ये फुगा राहतो आणि तो कुठेच जात नाही.

उजवीकडचा भाग सैल गुंडाळून गळ्यातून घालायचा. पण लोक एक विसरतात ते म्हणजे वजन. गोधडी टेबलावरून खाली लोंबली की ती सुईला मागे ओढते, टाके लहानमोठे होतात, सुई पण तुटते. मशीनच्या डाव्या हाताला एक खुर्ची किंवा इस्त्रीचं टेबल लावा, मशीनच्या मागे भिंत असू द्या, आणि उरलेलं खांद्यावर टाका. हो खांद्यावर, खरंच सांगतोय.

एका बैठकीत सगळं करायची हौस नको. मी रात्री मुलं झोपल्यावर चार रेघा मारतो, चारच. मशीनचा आवाज शेजारच्या खोलीत जातो म्हणून दार लावून, मशीनखाली जुना टॉवेल घडी करून.

हातशिवण:

सगळे मशीनवर का गेले? हाताने करा की. मला विचाराल तर मुलं लहान असताना हातशिवण हाच सोपा मार्ग आहे, लोकांना उलटं वाटतं. मशीनपाशी बसलं की आपण खोलीत अडकतो आणि मुलांकडे पाठ होते. गोधडी मांडीवर घेऊन मी मुलांच्याच खोलीत बसते, ती खेळतात, मी धावदोरा घालते. दोरा जरा जाड घ्यायचा, 8 नंबरचा पर्ल दोरा, इंचाला चार-पाच टाके आले तरी छान उठून दिसतात, बारीक नाजूक टाक्यांचा हट्ट सोडायचा. गाठ मारून सुई थोडी लांबून आत घालायची आणि हलका झटका द्यायचा, गाठ टुक् करून वरच्या कापडाच्या आत जाते, तो बारीकसा आवाज ऐकायला मला अजून मजा येते. अंगुस्तान मात्र घाला, नाहीतर तिसऱ्या दिवशी मधल्या बोटाचं टोक चाळणी होतं.

अगदीच वेळ नसेल तर गाठी मारा. जाड दोरा तिन्ही थरांतून खाली-वर काढायचा, आधी उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर, घट्ट, आणि दोन सेंटिमीटर शेपूट ठेवून कापायचं. दोन संध्याकाळींचं काम. फक्त बॅटिंगच्या पाकिटावर बघा जास्तीत जास्त किती अंतर चालतं ते, काहींना 8-10 इंच चालतं, काहींना 3-4 इंचांवर शिवण किंवा गाठ लागतेच, नाहीतर धुतल्यावर आतली बॅटिंग गोळा होते आणि मग ती परत पसरत नाही.

रात्रपाळी_बाबा:

@हातशिवण गाठींबद्दल जरा असहमत. अडीच वर्षांचं मूल ती शेपटं दिवसभर ओढत बसणार. आमच्याकडे एक गाठ सुटली आणि मग त्याला तोच खेळ झाला.

हातशिवण:

एक सुटली म्हणजे नीट मारली नव्हती दादा 😄 पण मुद्दा बरोबर आहे, फार लहान मुलांच्या गोधडीला शेपटं मागच्या बाजूला काढा किंवा शिवणच घाला. बटणं, मणी, लटकन तर नकोच.

टाचणीपेटी:

विषय निघालाच आहे तर, कोणी बाळासाठी करत असेल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना गोधडी पांघरायची नाही आणि पाळण्यात सैल ठेवायची पण नाही, श्वास कोंडायचा धोका असतो. जमिनीवर पसरून, आपण समोर बसून त्यावर खेळवायला ठीक. मी भेट देताना चिठ्ठीत लिहूनच देते, कोणाला वाईट वाटलं तर वाटो.

कोपराकापड:

पट्टीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी.

50 बाय 60 म्हणजे घेर 220 इंच, त्यात 10-12 जास्तीचे धरा. अडीच इंच रुंद पट्ट्या, 44 पन्ह्याचं कापड असेल तर 6 पट्ट्या, म्हणजे 15 इंच कापड. पन्हा 36 असेल तर 7 जेमतेम पुरतात, 8 कापा. पट्ट्या एकमेकींना तिरप्या जोडा, सरळ जोडल्या तर त्या जागी गठ्ठा होतो. मग लांबीत दुमडून इस्त्री. हे सगळं तुम्ही वरचा थर जोडता त्याच दिवशी करून ठेवा, तेच कापड हाताशी असताना, पुठ्ठ्याला गुंडाळून. नंतर कापड संपलेलं असतं किंवा सापडत नाही आणि गोधडी दोन महिने पट्टीवाचून पडते, अनुभव आहे.

सरळ कड असते, त्यामुळे पट्टी उरेब, म्हणजे कापडावर तिरपी, कापायची गरज नाही. उरेब फक्त गोल कडांना.

हाताने हेमिंग सुंदर दिसतं पण 220 इंच हेमिंग करायला मला एक आख्खा आठवडा लागतो. मुलांच्या, रोज धुवायच्या गोधडीला मी मशीननेच करते. पट्टी आधी मागच्या बाजूला शिवायची, मग पुढे वळवून पुढून कडेला टीप. म्हणजे दिसणारी टीप आपल्या डोळ्यांसमोर असते, वाकडी गेली तर मागून वाकडी जाते, कोण बघतंय.

कोपरा असा: शिवत शिवत कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, दोन टाके उलटे घ्या, दोरा कापा. गोधडी वळवा. पट्टी सरळ वर उचला, कोपऱ्यात आपोआप तिरकी घडी पडते. ती घडी बोटाने दाबून ठेवून पट्टी परत खाली आणा, वरची घडी गोधडीच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे. आता अगदी वरच्या कडेपासून शिवायला घ्या. पाव इंच आधी थांबायला विसरलात तर कोपरा वळतच नाही, मग उसवा. पहिल्या वेळी मी एकच कोपरा पाच वेळा उसवला होता आणि शेवटी तिथलं कापडच विरलं.

सुरुवातीला आणि शेवटी दहा-दहा इंच पट्टी मोकळी सोडा, जोड तिथे येतो.

अर्धवटआई:

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, तीन आठवड्यांनी येतेय पण रिकाम्या हाताने नाही!

टाचणीपेटी ताई, तुमच्या फळ्या. जुन्या कॉटच्या दोन पट्ट्या माळ्यावर होत्या त्याच घासून घेतल्या. पहिल्या दिवशी वरचा थर उलटा गुंडाळला, म्हणजे उलगडल्यावर शिवणी वर 🤦‍♀️ परत सगळं सोडून गुंडाळलं. पण मग पाच संध्याकाळी अर्धा-अर्धा तास आणि कच्चे टाके पूर्ण. एकदा धाकटा येऊन टेबलाखाली तंबू करून बसला आणि मला काहीच फरक पडला नाही, हे पहिल्यांदा झालं.

मग बाबांचं ऐकून वॉकिंग फूट आणि रात्री चार रेघा. एका रात्री जोशात आठ मारल्या आणि सातवी-आठवी वाकडी आली, उसवली, परत चारवर आले. मागून एकही चुणी नाही, मी उलटी करून तीनदा बघितली. पट्टी मशीननेच, चारपैकी तीन कोपरे टोकदार, चौथ्याबद्दल बोलायचं नाही.

आता रडगाणं. रेघा आखायला पाण्याने जाणारं निळं पेन वापरलं होतं आणि शेवटी कड बसावी म्हणून उत्साहात वरून इस्त्री फिरवली. निळ्या रेघा आता पाणी लावलं तरी तशाच दिसतायत. गेलं का सगळं?

कोपराकापड:

अगं बाई. त्या पेनवर इस्त्री नाही मारायची, उष्णतेने शाई पक्की होते. पण लगेच हाय खाऊ नकोस. नुसतं पाणी लावून भागत नाही, अख्खी गोधडी साध्या गार पाण्यात बुडवून ठेव, साबण अजिबात नको, साबणाने पण ती शाई धरून बसू शकते. दोन-तीन वेळा पाणी बदल. गेली तर गेली, खात्री देत नाही. आणि आधी वरच्या थरातली गडद कापडं ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघ, रंग लागला तर भिजत ठेवू नकोस.

अर्धवटआई:

फडकं पांढरंच राहिलं. तिसरं पाणी चालू आहे, मधल्या रेघा बऱ्याच फिक्या झाल्यात, कडेच्या हट्टी आहेत. धाकटा बादलीपाशी स्टूल टाकून बसलाय आणि दर दोन मिनिटांनी विचारतोय, "माझी अंघोळ झाली का तिची?"