नववी-दहावीच्या मुलांना पुस्तकी शब्द कसे शिकवायचे? शब्दार्थाची वही बंद करावी का?

कृष्णाकाठचा_मास्तर (सांगली):
मराठी माध्यमात भूगोल आणि विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात नववीला विचारलं, "विसर्ग म्हणजे काय?" निम्मा वर्ग म्हणाला, "दोन टिंबं, सर. दुःखातली." बरोबरच आहे. मग म्हटलं, ऑगस्टमध्ये बातम्यांत काय ऐकता? मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. एरवी ती तोंड उघडत नाही. "कोयनेचे दरवाजे उचलले की विसर्ग वाढतो. दीड-दोन दिवसांनी आयर्विन पुलाला पाणी चढतं. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. आमी चाळीसलाच गाठोडी बांधतो."

ही पोरगी चाचणीत 'व्याख्या लिहा'ला कोरा कागद देते.

पुढचा तास तिच्याच वाक्यावर गेला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. पूरमैदान म्हणजे नदीनं स्वतःसाठी राखलेली जागा, तिथं आपण गल्ल्या वसवल्या. आणि विसर्ग दोन्हीकडं एकच, सोडणं. व्याकरणात श्वास सोडतो, धरणात पाणी.

म्हणून म्हणतो, धड्याआधी फळ्यावर पंधरा शब्द आणि समोर अर्थ लिहून देणं बंद करूया. शब्द आधी वाक्यात, प्रसंगात भेटू दे. व्याख्या शेवटी, तीही मुलांनी करायची.

खडू_३२_वर्षे (मिरज):
सर, विसर्ग तुमच्या गल्लीत येतो. संयुजा, म्हणजे अणूची दुसऱ्या अणूंशी जोडलं जायची क्षमता, ती कुठल्या गल्लीत येते?

बासष्ट पोरांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरीला पाच. एका शब्दावर तास घालवलात तर पोर्शन दिवाळीपर्यंत निम्माही होणार नाही. आम्ही पाढे आधी पाठ केले, गुणाकार नंतर कळला. काय बिघडलं? आधी शब्द तोंडात बसू दे.

बेदाणा_शेड (तासगाव):
खडू सरांना थोडा दुजोरा देतो, कारण मी या प्रसंगाच्या नादात तोंडावर आपटलोय. परासरण, म्हणजे पातळ पडद्यातनं पाणी दाट द्रावणाकडं जाणं, शिकवताना बेदाणे पाण्यात टाकले. टम्म फुगले. पोरं खूश, मीही खूश. चाचणीत प्रश्न घातला, 'द्राक्षाचा बेदाणा होताना काय घडते?' वर्गातल्या बहुतेकांनी लिहिलं, 'परासरण.' अहो, शेडमध्ये रॅकवर सुकतं ते बाष्पीभवन! पोरांच्या डोक्यात बेदाणा आणि परासरण अशी गाठ बसली. शब्द उदाहरणाला चिकटला आणि अर्थ बाजूलाच राहिला.

खडू_३२_वर्षे:
घ्या!

कृष्णाकाठचा_मास्तर:
मान्य. पण यावर औषध व्याख्या नाही, दुसरं उदाहरण आहे. मिठात मुरत घातलेल्या कैरीच्या फोडी दाखवा, पाणी बाहेर येतं. मग विचारा, बेदाण्यात पाणी आत का गेलं आणि कैरीतनं बाहेर का आलं? आणि शेडमधल्या द्राक्षाभोवती द्रावण कुठं होतं? एका प्रसंगावर सोडलं तर गाठ बसणारच. संयुजेला मात्र माझ्याकडं प्रसंग नाही, ती मी घोकूनच घेतो. लपवत नाही.

सेमीवाल्याची_आई (विश्रामबाग):
तुमचं ठीक आहे हो. माझ्या लेकाचं विज्ञान-गणित इंग्रजीत आणि भूगोल मराठीत. विज्ञानात 'इव्हॅपोरेशन', भूगोलात 'बाष्पीभवन'. परवा मला म्हणतो, "आई, समुद्राचं होतं ते बाष्पीभवन आणि बीकरमधलं इव्हॅपोरेशन." आठवीत आहे! दोन्ही सरांना वाटतं दुसऱ्यानं सांगितलं असेल. असल्या पोरांना निदान दोन रकान्यांची वही तरी हवी, वही बंद कशाला करता?

यवतेश्वर_घाट (सातारा):
तुम्ही सगळे अवघड दिसणाऱ्या शब्दांमागं लागलाय. अमेरिकेत इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मांडले. रोजचे, विषयाविषयांत फिरणारे, आणि एकाच विषयाचे. परासरण, संयुजा तिसऱ्या थरातले, त्यांना निदान वाली तरी आहे. मधल्या थराला कोणी नाही.

'प्रमाण' घ्या. गणितात दोन गुणोत्तरं समान असली की प्रमाण. विज्ञानात हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण. मराठीच्या तासाला प्रमाण भाषा. कचेरीत प्रमाणपत्र. 'घटक'चं तेच, रक्ताचे घटक, पर्यटनाचे घटक आणि सोमवारी घटक चाचणी. हे कोण शिकवतं? कुणीच नाही, कारण ते सगळ्यांना 'सोपे' वाटतात. प्रश्नपत्रिकेतलं 'सकारण स्पष्ट करा' तर विचारूच नका. दहावीची पोरं तिथंही व्याख्याच लिहितात, खडू सर, कारण तेवढीच पाठ असते.

आणि प्रसंग दर वेळी नदीवरच शोधायला नको, भाषेतही सापडतो. 'परावर्तन' शिकवताना मी 'परावृत्त'पासून सुरू करतो. नाद सोडून माघारी वळला तो परावृत्त, आरशावरनं माघारी वळला तो किरण परावर्तित. दोन मिनिटं लागतात.

खडू_३२_वर्षे:
परावृत्तचं घेतो. दोन मिनिटांत बसतं ते मला चालतं.

बाकी घोकंपट्टीवर मी ठाम आहे. पण 'प्रमाण' उद्या दहावीला लिहायला देतो, पुस्तक बंद, पाच मिनिटं. बघू तुमचा मधला थर.

खडू_३२_वर्षे (दुसऱ्या दिवशी):
दिलं. अठ्ठावन्न हजर. एकोणीस जणांनी लिहिलं 'जास्त'. का म्हणून विचारलं, तर म्हणे, "सर, बातम्यांत नेहमी प्रमाण वाढलं असंच असतं." एकानं लिहिलंय 'दाखला, तहसीलमध्ये मिळतो'. गणितातला अर्थ तिघांनी लिहिला, आणि यांना गुणोत्तर-प्रमाण मीच शिकवलंय. वह्या घरी आणल्यात.

यवतेश्वर, ते 'घटक'चं कसं घेता तुम्ही, जरा सविस्तर लिहा.