शेवटचा अंक झाला, आता वर्ग पाहा

द्वादशमानात, म्हणजे दहाऐवजी बाराच्या पटीत संख्या लिहिण्याच्या पद्धतीत, २ आणि ३ सोडून प्रत्येक मूळ संख्येचा शेवटचा अंक १, ५, ७ किंवा अकरा असतो. (दहासाठी 'द' आणि अकरासाठी 'अ' लिहितो.) उलट मात्र खरं नाही: २१ म्हणजे आपले पंचवीस.

मला याहून सुंदर वाटतात ते या मूळ संख्यांचे वर्ग. पाचाचा वर्ग २१, साताचा ४१, अकराचा द१, तेराचा १२१, सतराचा २०१. शेवटी नेहमी १ आणि त्याच्या आधीचा अंक सम! कारण सोपं आहे. ३ नंतरची कुठलीही मूळ संख्या प घ्या. प-१ आणि प+१ या लागोपाठच्या सम संख्या, म्हणून त्यांचा गुणाकार, म्हणजेच प चा वर्ग वजा १, ८ ने भागला जातो. दोघींपैकी एक ३ ने भागली जाते. म्हणजे वर्गातून १ वजा केला की चोवीसने (द्वादशमानात २० ने) नि:शेष भाग जातो. दशमानात हे दडून राहतं, इथे नुसतं वाचता येतं.

अपूर्णांकही करून पाहा. १/७ = ०.१८६द३५, पुढे हेच सहा अंक पुन्हा पुन्हा. पहिले तीन आणि नंतरचे तीन अंक क्रमाने जोडा: १+द, ८+३, ६+५. प्रत्येक बेरीज अकरा. दशमानातल्या १४२८५७ मध्ये तीच नऊ येते.