परभणीत नव्या घरात डिझायनर रेडिएटर बसवावा का? कुणाला अनुभव आहे का?

वसमतरोडवाला:
राम राम मंडळी. घराचं काम चालूय, स्लॅब पडला, आता प्लास्टरच्या आधी लाइटच्या आन पाण्याच्या पाइपा भिंतीत टाकायच्यात म्हणून घाईनं विचारूलालो. आमची मेव्हणी इंग्लंडात राहती, तिच्या हॉलमधी भिंतीला खोली गरम करणारा उभा काळा रेडिएटर हाय, माणसाच्या उंचीचा, नुसत्या उभ्या नळ्या नळ्या, लै देखणा दिसतो. व्हिडिओ कॉलवर बघितल्यापासून घरच्यांनी धरूनच बसलंय की आपल्याकडं पण तसाच पाहिजे. मला दिसण्याचं काय नाही पण अण्णांना दम्याचा त्रास, डिसेंबर-जानेवारीत पहाटं लै हाल होतात त्यांचे. खोली १२ बाय १४, वर डायरेक्ट स्लॅब, दोन भिंती बाहेरच्या. असले रेडिएटर इकडं मिळतात का, आन निवडताना काय बघायचं?

गोदाकाठ:
जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतात ते इतकं मनावर घेऊ नका राव 😄 दीड महिना थंडी आन बाकी दहा महिने त्याच्यावर टॉवेल वाळवणार का? का मे महिन्यात त्यातूनच थंडगार पाणी सोडायचा प्लॅन हाय?

पाइपवाला_संभाजीनगर:
हसू नका, परभणीत काही वर्षी पारा पाचच्या पण खाली गेलेला आहे, म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही. पण दादा, तुमच्या मेव्हणीकडं जे दिसतंय ते फक्त भिंतीवरचं तोंड आहे, त्याच्या मागं बॉयलर असतो, पंप असतो, घरभर जाणारी आन परत येणारी अशी दोन पाइपांची जोडी असते, त्यातून गरम पाणी सतत फिरतं. हे सगळं एका खोलीसाठी उभं करायचं म्हणजे एका बैलासाठी अख्खा गोठा बांधल्यासारखं आहे. तिकडं घरोघरी नळानं गॅस येतो म्हणून बॉयलर परवडतो, आपण सिलेंडरवर कुठं चालवत बसणार.

आता तुमच्या खोलीचा हिशोब. बाहेर ८ आन आत २० ठेवायचं धरलं, तर उघडा स्लॅब, ९ इंची विटेची भिंत, एक मोठी स्लायडिंग खिडकी आन फटीतून येणारी हवा मिळून साधारण दीड किलोवॅट उष्णता बाहेर जाते. ह्यातला मोठा हिस्सा एकट्या स्लॅबमधून. म्हणजे पहिला खर्च स्लॅबवर करा, वरून इन्सुलेशन म्हणजे उष्णता अडवणारा थर करून मग वॉटरप्रूफिंग आन चायना मोझॅक, त्याचा फायदा थंडीपेक्षा जास्त उन्हाळ्यात होईल. खिडकीला ब्रश नाहीतर रबर लावून फटी बुजवा, पण दम्याचा माणूस आहे तर थोडी हवा खेळती पाहिजेच, खोली डबाबंद नको.

आन मे महिन्यात थंड पाणी सोडायचं म्हणणाऱ्या गोदाकाठ भाऊंना, तसं केलं तर रेडिएटरला माठासारखा घाम फुटतो आन खाली भिंत ओली होते, गारवा मात्र नावालाच. खोली आन पाणी ह्यांच्या तापमानात जेवढा फरक तेवढं काम, गरम पाण्यात तो फरक ५० अंशाचा मिळतो, थंडात तेवढा कुठून आणणार.

स्टुटगार्टकर_मूळ_जिंतूर:
मी खऱ्याखुऱ्या जर्मनीतून लिहितोय, आमच्या घरात प्रत्येक खोलीत हे आहेत म्हणून निवडताना काय बघतात ते सांगतो, मेव्हणीला पण उपयोगी पडेल. पहिलं म्हणजे वॅट. कॅटलॉगात जो आकडा असतो तो ७५ अंशानं पाणी आत, ६५ नं बाहेर आन खोली २० अंश असं धरून दिलेला असतो. इंग्लंडात बीटीयू ह्या उष्णतेच्या मापात लिहितात, त्याला ३.४ नं भागलं की वॅट. पण आता लोक बॉयलर काढून हीट पंप (बाहेरची उष्णता आत ओढणारं विजेवरचं यंत्र) लावूलालेत, त्यात पाणी ४५-५० अंशाचं असतं, तेव्हा तोच रेडिएटर साधारण निम्मीच उष्णता देतो. म्हणून दिसायला नाजूक घेतला की नंतर स्वेटर घालून बसावं लागतं.

साधा पांढरा चपटा डबल पॅनलवाला, ६०० बाय १००० मिलीमीटरचा, सतराशे वॅटच्या आसपास देतो. त्याच्या आत ज्या वळ्यावळ्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, सगळी कमाल त्यांची. उभ्या डिझायनरमध्ये त्या बऱ्याचदा नसतात, एका ओळीच्या नळ्या असल्या तर तो साध्याच्या निम्मं पण देत नाही, घ्यायचाच तर दोन ओळींचा घ्यावा. चकचकीत क्रोमचा अजून कमी, रंगवलेला बरा. काळा असला काय आन पांढरा असला काय, रंगानं फरक पडत नाही, क्रोम फक्त वेगळं. ओतीव लोखंडाचा जड असतो, उशिरा तापतो उशिरा निवतो, ॲल्युमिनियमचा पटकन. पडदा वरून सोडला किंवा सोफा समोर लावला की संपलं. खालच्या कोपऱ्यात थर्मोस्टॅटचा व्हॉल्व असतो, १ ते ५ आकडे, ३ म्हणजे साधारण २० अंश, तो ५ वर ठेवला म्हणून खोली लवकर तापत नाही, आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगून सांगून थकलो.

कासारखेडा:
हे सगळं ठीक पण आपल्याकडं बोअरचं पाणी, गिझरचं कॉइल दोन वर्षात चुन्यानं भरतं, हे रेडिएटर तर एका हिवाळ्यात चोक होतील ना??

पाइपवाला_संभाजीनगर:
नाही, गिझरमधी रोज नवीन पाणी येतं म्हणून रोज नवीन क्षार. इथं तेच पाणी फिरत राहतं, त्यातला चुना एकदाच बसतो. त्रास होतो गंजाचा, म्हणून पाण्यात गंज रोखायचं केमिकल टाकतात, आन कुठं गळती असली की वरचेवर नवीन पाणी भरावं लागतं तेव्हा मात्र वाट लागते.

वसमतरोडवाला:
लै धन्यवाद. म्हणजे पाण्याचा नको हे पटलं. मग अण्णांच्या खोलीला काय करू? शेगडी तर आई लावू देत नाही. आन बाथरूममधी तो टॉवेलचा शिडीसारखा दांडा असतो तेवढा तरी बसवता येईल का, नाहीतर घरात तोंड दाखवायची सोय नाही 😅

पाइपवाला_संभाजीनगर:
शेगडीबाबत आईंचं शंभर टक्के बरोबर, बंद खोलीत कोळसा म्हणजे विषारी वायू, माणूस झोपेतच जातो. अण्णांसाठी हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी बघा, उन्हाळ्यात तसाही एसी लागणारच आहे. एक युनिट विजेत तीन युनिटांएवढी उष्णता देतो, फिल्टर तेवढा वरचेवर धुवा. त्याच्या जोडीला चाकावरचा ऑइल हीटर, ९ किंवा ११ फिनचा (फिन म्हणजे उभ्या पट्ट्या), त्याला पण रेडिएटरच म्हणतात बरं का. तेल आत सीलबंद असतं, भरावं लागत नाही, पंखा नाही म्हणून धूळ उडत नाही, दम्याला बरा. फक्त २००० वॅट म्हणजे तासाला दोन युनिट, आन एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, भिंतीत १६ अँपियरचा पॉइंट वेगळी वायर ओढून आत्ताच काढून घ्या.

टॉवेलचा दांडा इलेक्ट्रिक मिळतो, शंभर-दोनशे वॅटचा, त्यानं टॉवेल वाळेल, बाथरूम काय तापायची नाही. पॉइंट शॉवरपासून लांब, वर, आरसीसीबी (करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच) लावूनच.

गोदाकाठ:
आन तो काळ्या रंगाचा घ्या, वहिनी खूश.

वसमतरोडवाला:
वायरमन उद्या सकाळी येतोय, पॉइंट मारून घेतो. स्लॅबवरच्या इन्सुलेशनचं परभणी-नांदेड भागात कोण चांगलं करतं, कुणाला माहीत असलं तर मेसेज करा.