कुत्र्याला पुन्हा पुन्हा झटके येताहेत : गोचिडाची गोळी, शेतातलं औषध की अपस्मारच? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचा खंड्या चार वर्षांचा आहे. आई लॅब्रेडॉर, बाप गावठी, वजन 27 किलो. आम्ही लातूर जिल्ह्यात शेतातच राहतो. दीड महिन्यात त्याला चार झटके आले, त्यातले शेवटचे दोन 22 ऑगस्टला एकाच रात्री.

पहिला 11 जुलैला पहाटे आला. ओसरीत झोपला होता. दात वाजल्याचा आवाज आला म्हणून उठलो, तर अंग ताठ, मान मागे, आणि मग चारही पाय पोहत असल्यासारखे चालू. तोंडाला फेस, अंगाखाली लघवी. आईने कांदा फोडून नाकाशी धरला. मी त्याचा जबडा उघडायला गेलो. (कुणीही असं करू नका. कुत्र्याची जीभ घशात जात नाही, आपली बोटं मात्र फुटतात.) झटका दोन मिनिटांत थांबला, पण नंतर तासभर तो भिंतीला धडकत फिरत होता. मी हाक मारली तर ओळख नाही. ते डोळे अजून विसरता येत नाहीत.

पहिला संशय गोगलगायीच्या औषधावर गेला. 2022 च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी आमच्या भागातलं कोवळं सोयाबीन फस्त केलं, तेव्हापासून बांधावर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या पडतात. कुत्री त्या आवडीने खातात. पण डॉक्टर म्हणाले की ते विष काही तासांतच दिसतं, अंग सतत थरथरतं, ताप चढतो. तीन-तीन आठवड्यांनी झटका आणि मधल्या दिवसांत कुत्रा ठणठणीत, हे त्यात बसत नाही. तरी आमच्या बांधावरच्या गोळ्या वेचून काढल्या. शेजाऱ्यांनीही लगेच ऐकलं.

आता जीव अडकलाय तो गोचिडाच्या गोळीत. 27 जूनला त्याला फ्लुरॅलॅनरची चघळायची गोळी दिली होती, जिचा असर बारा आठवडे राहतो. 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) याच गटातल्या गोळ्यांमुळे काही जनावरांना झटके येऊ शकतात अशी सूचना दिली होती, हे मी झटक्यांनंतर वाचलं. गोळी देताना मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मागच्या वर्षी हीच गोळी दोनदा दिली, तेव्हा काही झालं नाही. म्हणून खात्रीने बोट ठेवता येत नाही.

रक्तातली साखर, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड सगळं ठीक आलं. डिस्टेंपरची (मेंदूवर जाऊन झटके आणू शकणाऱ्या रोगाची) लस वेळेवर झालेली आहे. डॉक्टरांचं मत असं की सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होणारा, दोन झटक्यांच्या मधे कुत्रा पूर्ण बरा असणारा अपस्मार बहुतेक वेळा जन्मजात कलाचा असतो. चोवीस तासांत दोन झटके आले म्हणजे आता थांबायचं नाही. आज रात्रीपासून फेनोबार्बिटल ही झटके रोखणारी गोळी सुरू करतोय, दर बारा तासांनी. मनाने बंद करायची नाही, झटका पाच मिनिटांवर गेला तर तसाच उचलून दवाखाना गाठायचा, हे पक्कं समजलंय.

माझी खरी अडचण पुढची आहे. 19 सप्टेंबरच्या सुमारास गोचिडाच्या गोळीचा असर संपेल. बाजूलाच गोठा, दोन म्हशी, चार शेळ्या, म्हणजे गोचिड येणारच, आणि गोचिडतापाने आमचं आधीचं कुत्रं गेलं आहे. ती गोळी पुन्हा द्यायची माझी हिंमत नाही. झटके येणाऱ्या कुत्र्याला गोचिडासाठी तुम्ही काय वापरता? गोठ्यात डेल्टामेथ्रिन (कीटकनाशक) फवारतो, तेव्हा खंड्याला किती वेळ लांब ठेवावं? आई रोज दिवेलागणीला कापूर लावते. पोटात गेलेल्या कापराने झटके येतात हे माहीत आहे, पण धुरानेही त्रास झाल्याचा कुणाचा अनुभव आहे का?

आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा मुंबईत परळला झटक्यांच्या तपासणीसाठी कुणी कुत्रं नेलं असेल, तर तिथे काय काय तपासलं ते कृपया लिहा. झटक्यांचे दोन व्हिडिओ आणि तारखांची वही आहे, ते सोबत नेता येईल.